अर्ध्या मिलिमीटरचं पितळी चॅनेल आणि सोनारी करवत : सात महिन्यांचा अनुभव

कुर्डुवाडी-बार्शी ही अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये धावू लागली. तिच्या डब्यांना तिचा इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने दाबून घडवलेल्या पोलादी चौकटी दिल्या होत्या. तसल्याच एका वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, मॉडेल मी 1:32 मापात करतोय. पंचवीस फुटी चौकट या मापात 238 मिलिमीटर भरते. तिचे आडवे तुकडे 3 मिलिमीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड पत्र्याच्या पितळी यू चॅनेलचे, म्हणजे इंग्रजी U सारख्या पन्हळी पट्टीचे. त्यातला एक जरी आखूड पडला तरी चौकट पिळते आणि डबा रुळावर डुलतो.

हे तुकडे कापायला सुरुवात हॅक्सॉने केली. इंचाला 32 दात असलेलं पातं, म्हणजे दोन दातांत जवळपास 0.8 मिलिमीटर अंतर. अर्ध्या मिलिमीटरची भिंत थेट त्या खाचेत अडकायची आणि कड मुडपायची. मग रोटरी टूल, म्हणजे फिरत्या चकतीचं छोटं विजेचं हत्यार, आणलं. कापतं झटपट, पण चॅनेल हातात धरवत नाही इतकं तापतं, शेजारचा सोल्डरचा सांधा सुटतो आणि कडेला धातूची जाड, खरबरीत कोर राहते. एकदा चकती फुटून तुकडा चष्म्यावर आदळला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

शेवटी सराफ बाजारातल्या हत्यारांच्या दुकानातून सोनारी करवत आणि 4/0 या बारीक नंबरची एक डझन पाती घेतली. तिथे बसलेल्या एका वयस्क कारागिरांनी पातं चढवून दाखवलं. दात मुठीकडे, आणि ताण इतका की बोटाने छेडलं की टणकन वाजलं पाहिजे. मी कापायला लागलो तर म्हणाले, “अहो, जोर कशाला लावताय? पात्याला चालू द्या की.” पहिल्या आठवड्यात माझी सात पाती मोडली. जोर सोडल्यावर एक पातं दोन-तीन दिवस पुरू लागलं. पात्याला अधूनमधून मेण लावतो. ॲल्युमिनियम कापताना तर ते लावावंच लागतं, नाहीतर दातांत लगदा भरतो.

पण खरा फरक करवतीने पडला नाही, चॅनेलच्या पोटात भरलेल्या लाकडाने पडला. सागाची पट्टी तासून चॅनेलमध्ये घट्ट बसेल अशी करायची, चॅनेलची पाठ वर ठेवायची आणि लाकडासकट कापायचं. दोन्ही भिंतींना आतून आधार मिळतो, त्यामुळे त्या आत दबत नाहीत. दातही लाकडावर टेकत जातात, पत्र्याच्या कडेत रुतत नाहीत. करवत थोडी तिरकी धरली की एकावेळी जास्त दात धातूवर राहतात. माझ्यासारख्या नवख्याने पट्टी आधी करावी, करवत नंतर घ्यावी.

रेघेवर मात्र मी कापत नाही. पाव मिलिमीटर बाहेर कापतो आणि बारीक कानशीने रेघेपर्यंत येतो. पोलादी ठोकळ्याला टेकवून कानस फिरवली की काटकोन बिघडत नाही. सरळ कापण्याची सवय व्हायला मला तीन महिने लागले, आणि सागाच्या ठोकळ्यात पात्याच्या जाडीची खाच करून घेतल्यावरच खात्री वाटू लागली.

टेबलाखाली आधी जुनी सोलापुरी चादर अंथरली होती. तुकडा हरवायचा नाही, पण भुसा विणीत अडकून बोटांना टोचायचा. आता स्टीलचं ताट ठेवतो.

सहा मिलिमीटरच्या वरचं, जाड भिंतीचं चॅनेल असेल तर ही करवत घेऊ नका, हॅक्सॉच बरा. पोलादी चॅनेलवर पाती फार लवकर बोथट होतात. मे महिन्यात घामाने मूठ निसटते, म्हणून मी पहाटेच कापतो.

दुसऱ्या वाघिणीचे आठ तुकडे गेल्या रविवारी कापले. आठही एकत्र वाइसमध्ये पकडून टोकं एकाच वेळी कानसली. कॅलिपरवर सगळे सारखे आले.