बाजारातली गाडी की पाड्यावरची तपासणी? सातपुड्यात एचआयव्हीचं काम आखताना

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यात एचआयव्ही तपासणी लावायची म्हटलं की गाडं दोन पर्यायांपाशी येऊन थांबतं. एक म्हणजे समुपदेशक आणि लॅब टेक्निशियन घेऊन तपासणीची गाडी आठवडे बाजारात उभी करायची. दुसरा म्हणजे आशाताईंनी माणसं जमवायची आणि एएनएमने, म्हणजे उपकेंद्राच्या परिचारिकेने, पाड्यावरच बोट टोचून चाचणी करायची. कागदावर दुसरा पर्याय सरस दिसतो. भाषा घरची, चेहरा ओळखीचा, डिझेलचा खर्च नाही. तरी निवड करायची वेळ आली तेव्हा मी बाजाराकडे झुकलो. प्रत्येक तालुक्यात हेच बरोबर ठरेल असं म्हणणार नाही.

मला पटवलं ते एका त्रासाने: कोण आत किती वेळ बसलं, हे बाहेरच्यांना कळतं. निगेटिव्ह माणसाशी बोलणं पाच-सात मिनिटांत आटोपतं. चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणजे संसर्गाची शक्यता दिसली, की अर्धा-पाऊण तास सहज जातो, जायलाच हवा. पाड्यावर अंगणवाडीच्या ओट्यावर बसलेल्या बायकांना घड्याळ लागत नाही. पाड्यातली बहुतेक घरं एकमेकांच्या नात्यातली, आशाताई स्वतः कुणाची तरी सून, म्हणजे बातमी फुटायला कुणी तोंड उघडावंच लागतं असं नाही.

पुढची अडचण याहून मोठी. पाड्यावरची चाचणी प्राथमिकच असते. निदान पक्कं करायला आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, वेगवेगळ्या किटवर तीन चाचण्या लागतात. म्हणजे एवढ्या घोळक्यातून एकट्या बाईला तालुक्याच्या गावी, धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात, जायला सांगायचं. रोज बुडतो, जीपचं भाडं पडतं आणि शेजारी बसलेला ‘काय झालं?’ असं विचारतोच. लग्नात वराकडून देज, म्हणजे वधूमूल्य, देण्याची रीत असल्यामुळे नवऱ्याला संशय आला तर गोष्ट पंचांसमोर जाऊ शकते. मग आजार आला कुठून हे कुणी विचारत नाही, देज परत करायचा की नाही यावर बोलणी होतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माहिती उघड करण्याला मनाई केली आहे, पण जीपमधल्या कुजबुजीला कायदा कुठून आवरणार!

बाजारात वीस-पंचवीस पाड्यांची माणसं येतात. गाडीत तंत्रज्ञ असला तर तिन्ही चाचण्या त्याच दिवशी होतात आणि वेगळं बोलावणं धाडावं लागत नाही. फक्त गाडी नुसती एचआयव्हीची नसावी, तिच्यावर एचआयव्हीची खूण असलेली मोठी लाल फीत तर मुळीच रंगवू नये. सिकलसेल, हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि एचआयव्ही असं एकत्र ठेवावं. सिकलसेल या भागात घरोघरी माहीत असलेला आजार, त्यामुळे रक्त देण्यात कुणाला वावगं वाटत नाही. मात्र एचआयव्हीसाठी वेगळी संमती घ्यायलाच हवी, सिकलसेलच्या आडून ती उरकू नये. चिठ्ठी सगळ्यांना एकाच रंगाची. सिकलसेलच्या वाहकांशीही वीस-पंचवीस मिनिटं बोलायचं असतंच. दोन्ही कामं एकाच खोलीत ठेवली की कोण जास्त वेळ बसलं याला अर्थ उरत नाही.

बाजारालाही खोट आहे. पहिली भाषेची. संमती त्या माणसाला समजेल अशा भाषेत घ्यावी असं कायदाच सांगतो. धडगावकडे पावरी, अक्कलकुव्याकडे देहवाली आणि वसावी, नवापूरकडे मावची. माहिती सांगणाऱ्या एकाच ध्वनिफितीवर तिन्हीकडे भागत नाही. समुपदेशक मराठीच बोलणारा असला की ड्रायव्हर नाहीतर चहावाल्याचा पोरगा दुभाष्या होतो, म्हणजे गुपित तिथंच संपलं. त्यावर मला तरी एकच उपाय दिसतो: पावरी बोलणारी पण त्या पाड्यांच्या नात्यागोत्यात नसलेली समुपदेशक, शहादा किंवा तळोद्याकडची. शोधायला वेळ लागतो, पण सगळा खर्च याच एका पगारावर करावा इतकं ते महत्त्वाचं.

दुसरी खोट वेळेची. दुपारनंतर दारू चढलेली असते, आणि पिऊन आलेल्याची संमती ही संमतीच नव्हे. परतीच्या जीपगाड्याही तेव्हाच सुटतात. सकाळी नऊपासून एकपर्यंतच चाचण्या घ्याव्यात. बायका नवऱ्याबरोबर येतात, म्हणून आत एकेकटंच घ्यायचा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा; नंतर आणलेला नियम कुणी जुमानत नाही. किट साधारण तीस अंशांखाली ठेवायची असतात आणि मे महिन्यात बंद गाडी चाळिशी ओलांडते. लसीच्या कॅरियरमध्ये ठेवा, पण बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका, किट गोठलं तरी वाया जातं. निकाल पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाचायचा. तासाभराने उमटलेली फिकट रेघ धरायची नाही.

गाडीचा सगळ्यात चांगला मोसम होळीआधीचा, भोंगऱ्या म्हणजे आदिवासींच्या होळीच्या बाजारांचा. गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेल्यांपैकी बरेच होळीला घरी येतात. जत्रेत एकाच सुईने गोंदणं चालतं. बोलायला सुरुवात तिथून केली तर कुणी लाजत नाही, पण तेवढ्यावर थांबू नये. संसर्ग मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, हे पुढच्या वाक्यात आलंच पाहिजे. ‘पुन्हा तोडीला कधी आणि कुठं?’ हेही तेव्हाच विचारून तिथल्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्राचा पत्ता चिठ्ठीवर लिहून द्यावा.

पाड्याच्या बाजूने एक गोष्ट निर्विवाद आहे: गरोदर बाईची तपासणी. एचआयव्ही आणि सिफिलिसचं एकत्र किट नेहमीच्या प्रसूतिपूर्व तपासणीतच बसतं, सगळ्यांचीच होते म्हणून बोट कुणाकडे रोखलं जात नाही. ती बाजारावर सोडू नका. एचआयव्हीच्या गोळ्या चालू असलेल्या गरोदर बाईला आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही देतात. डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचं औषध असलेली गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. जेवणाबरोबर घेतली तर एकत्र चालतात. हे आशाताईंना सांगितलेलं नसतं आणि औषध नीट शोषलं जात नाही. मात्र गोळी एचआयव्हीची आहे हे त्यांना कळू द्यायचं की नाही, ते त्या बाईने ठरवावं. नको म्हणाली तर वेळेचा हिशोब तिलाच समजावून द्यावा.

होळीला निगेटिव्ह आलेल्या, पण अलीकडे धोका पत्करलेल्या माणसाची तीन महिन्यांनी होणारी फेरतपासणी जूनमध्ये पडते. नेमके तेव्हा घाटरस्ते बंद होतात, नर्मदाकाठच्या गावांना तर बोटीशिवाय वाट नसते. जून ते सप्टेंबर गाडीचे पैसे पाड्यावरच्या फेऱ्यांकडे वळवावेत आणि फेरतपासणी गर्दी न जमवता घरोघर, मलेरियाच्या रक्तनमुन्यांबरोबर करावी. उपचारावर असलेल्यांना मेअखेरीस तीन महिन्यांच्या गोळ्या देऊन ठेवाव्यात. त्या ऑगस्टअखेरीस संपतात, तेव्हा तेवढ्यासाठी एक फेरी आधीच वेळापत्रकात घालून ठेवा.