सावलीत गळ टाकायचा की उन्हात?

पंचगंगेच्या काठावर हा वाद कायम चालतोय, माझं मत सावलीकडं, पण ते उन्हाळ्यापुरतं. माशाला आपल्यासारख्या पापण्या नसतात त्यामुळं भर दुपारी तो झाडाखाली, पुलाखाली नाहीतर पाणवनस्पतीच्या आडोशाला सरकतो, आणि मरळ तर तिथं दबा धरूनच बसते, तिला उजेडातलं सगळं दिसतं पण ती कुणाला दिसत नाही, म्हणून गळ सावलीच्या पार आत टाकू नका, बरोबर कडेला सोडा, ऊन-सावलीची रेघ असती ना तिथंच.

उन्हातलं पाणी डिसेंबर-जानेवारीत भारी. ऊन चढलं की कडेचं उथळ पाणी आधी तापतं आणि चिलापी तिथं येतात, गांडूळ लावा, बास. फक्त तुमची स्वतःची सावली सांभाळा, सूर्य पाठीमागं असला की ती थेट पाण्यावर पडते, जरा हात हलला की मासा पसार, त्यापेक्षा सूर्य समोर घेऊन खाली बसा, डोळे दिपले तरी चालतंय.

कटल्याचं गणित वेगळं, दिवस मावळताना त्याचं खाणं असलेले बारीक जीव वर सरकतात, त्यामुळं त्याच्यासाठी संध्याकाळच धरा.