किशोरवयीन मुलींसाठी व्यायाम आणि समुपदेशन एकत्र देणारा वर्ग : एका आईचे परीक्षण

माझी चौदा वर्षांची मुलगी ज्या वर्गाला जाते, तिथे व्यायामाची प्रशिक्षिका आणि समुपदेशक या दोघी एकाच वेळी, एकाच दालनात मुलींबरोबर असतात. तिची पहिली सत्रमालिका नुकतीच पूर्ण झाली. या सेवेचे खरे बळ त्या दोघींच्या एकत्र असण्यातच आहे, असे माझे मत झाले आहे. मुलीला व्यायामशाळेत एका ठिकाणी आणि समुपदेशनाला दुसऱ्या ठिकाणी पाठवण्याचा पर्याय आमच्यासमोर होता. पण ज्या क्षणी तिला व्यायाम सोडून द्यावासा वाटतो, त्याच क्षणी तिच्याशी बोलणारे कोणीतरी शेजारी असणे, ही गोष्ट त्या व्यवस्थेत मिळाली नसती.

मुलगी आळशी आहे म्हणून हलत नाही, असे आपण पालक फार सहज बोलून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयात दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल व्हायला हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायामही हवा. याच संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील शाळकरी मुलामुलींच्या माहितीवर आधारलेला जो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ११ ते १७ वयोगटातील ७८ टक्के मुलगे आणि ८५ टक्के मुली पुरेशी हालचाल करत नसल्याचे आढळले. इतक्या मुली एकाच वेळी आळशी कशा असतील? वयात येताना बदलणारे शरीर, धावताना आपल्याकडे कोणीतरी बघते आहे ही भावना, पाळीत कपड्यांवर डाग पडण्याची धास्ती, संघ निवडताना शेवटपर्यंत उभे राहावे लागणे, वजनावरून सहज मारलेले शेरे, ही कारणे मुली घरी बोलून दाखवत नाहीत. या वर्गाची आखणी मात्र हीच कारणे समोर ठेवून केलेली आहे.

दालनात वजनकाटा नाही. भिंतीवरचे आरसे सुरुवातीचे काही आठवडे पडद्याने झाकलेले होते आणि नंतर ते मुलींच्या संमतीनेच उघडण्यात आले. सैल टी-शर्ट, लांब विजार, जे अंगावर मोकळे वाटेल ते घालायची मुभा आहे, आणि कपडे बदलण्याच्या प्रत्येक खोलीला आतून धड लागणारी कडी आहे. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण यापूर्वीच्या एका व्यायामशाळेत तशी कडी नव्हती आणि माझ्या मुलीने तिथे जाणे थांबवले, त्यामागे हे कारण होते, हे मला इथे आल्यावर कळले. सत्र सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मुलगी आपल्या वहीत, आज अंगात किती बळ वाटते आणि मन कसे आहे, हे शून्य ते दहा या पट्टीवर लिहिते. सत्र संपल्यावर तेच पुन्हा लिहिते. वही इतर कोणी उघडत नाही. दंड मारायला आधी भिंतीवर हात टेकून सुरुवात होते, मग बाकावर आणि शेवटी जमिनीवर, आणि पुढच्या पायरीवर कधी जायचे हे मुलगी स्वतः ठरवते. प्रशिक्षिका ताई "अजून पाच कर" असे ओरडत नाहीत. "थांबायचं की अजून एक, तू सांग" असे विचारतात. बहुतेक वेळा उत्तर "अजून एक" असेच येते.

हे केवळ गोड बोलणे नाही, त्यामागे मानसशास्त्र आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तानुसार स्वतः निवड करण्याची मोकळीक, आपल्याला जमते आहे ही जाणीव आणि सोबतच्या माणसांशी आपलेपणा या तीन गरजा भागल्या, तर माणूस एखादी गोष्ट आतल्या ओढीने करू लागतो. समुपदेशकांचे मला सर्वांत मोलाचे वाटलेले काम वेगळेच आहे. चिंतेचा त्रास असलेल्या काही मुलींना व्यायामात छातीची धडधड वाढली की भीतीचा झटका येतो आहे असे वाटते आणि त्या घाबरून थांबतात. इथे समुपदेशक त्या मुलीबरोबर स्वतः जिना चढतात, वर पोहोचल्यावर दोघी आपापली नाडी मोजतात, आणि काही मिनिटांत ठोके कसे उतरत जातात हे ती मुलगी स्वतःच्या बोटांखाली अनुभवते. धडधड ही श्रमाचीही असू शकते, हे चार तास समजावून सांगण्यापेक्षा त्या एका जिन्यावर लवकर उमगते.

शारीरिक बाजूही काळजीने सांभाळली जाते. उडी मारून उतरताना गुडघे आत झुकू न देण्याचा सराव प्रत्येक सत्रात होतो, कारण गुडघ्यातील अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण खेळणाऱ्या मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा जास्त असते आणि अशा सरावाने ते कमी होते. पाळीच्या दिवसांत सक्तीची सुट्टीही नाही आणि सक्तीची हजेरीही नाही. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर मात्र डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय जोरकस व्यायाम दिला जात नाही. कमी खाणे आणि जास्त श्रम यांमुळे असे होऊ शकते आणि त्याची झळ थेट हाडांना बसते, हे प्रवेशाच्या वेळीच पालकांना सांगितले जाते.

आता उणिवा. बारा वर्षांच्या आणि सतरा वर्षांच्या मुली एकाच तुकडीत आहेत, हे मला पटत नाही. लहान मुली मोठ्यांसमोर गप्प बसतात आणि गटचर्चेत त्यांचे प्रश्न मागेच राहतात. त्याहून गंभीर आक्षेप वर्गाच्या मोबाइल ॲपवर आहे. दालनात कोणाची कोणाशी तुलना नाही, पण ॲपवर दर आठवड्याला पावलांच्या संख्येनुसार क्रमवारी झळकते, आणि तळाला नाव दिसल्यावर एका मुलीने दोन सत्रे बुडवली. इतक्या कष्टाने जे उभे केले, ते असे घरबसल्या मोडावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. मी ही गोष्ट लेखी कळवली आहे आणि ती क्रमवारी आता ऐच्छिक करण्यात आली आहे. ती पूर्णपणे काढून टाकावी, असा माझा आग्रह कायम आहे. पालकांसाठी संपूर्ण मालिकेत एकच बैठक आहे, तीही अपुरी. मुलीच्या शरीरावर घरात काय बोलू नये, हे शिकण्याची गरज आम्हालाच अधिक आहे.

स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलींसाठी किंवा झटपट वजन उतरवण्याच्या अपेक्षेने येणाऱ्या पालकांसाठी हा वर्ग नाही. व्यायामाचे नाव काढले की खोलीचे दार लावून घेणारी मुलगी ज्यांच्या घरी आहे, त्यांनी इथे जरूर यावे. प्रवेश घेण्यापूर्वी मुलीला एका सत्रात नुसते बसून पाहता येते, आणि येणार की नाही हे तिलाच विचारले जाते. माझ्या मुलीने पुढच्या मालिकेसाठी अर्ज स्वतः भरला आहे.