पट्टी अस्सल, बाकी सगळं नवं: जुन्या कॅझुबलच्या खरेदीतली फसवणूक

मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेला, फादर सगळ्यात वर घालतात ते वस्त्र म्हणजे कॅझुबल. 17व्या शतकातलं म्हणून विकलेल्या अशाच एकाची ही गत.

पाठीवरची भरतकामाची पट्टी खरीच जुनी होती आणि गिऱ्हाईक फसलं तेही त्यामुळेच. विकणारा आपणहून भिंग देतो, पण टेकवायला लावतो पट्टीवरच. तिथली कलाबतू अस्सल: रेशमावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, मुलामा झिजून काळवंडलेली, वेढ्यांच्या फटींतून पिवळं रेशीम डोकावणारं. पण पट्टीच्या कडेला भरलेल्या संताचा हात मनगटापाशी कापलेला होता. तो काप जाड गोफाखाली दडवलेला, शेजारी सुईची रिकामी भोकं. जुनी पट्टी नव्या कापडावर चढवणं हा गुन्हा नव्हे, चर्चमध्ये असं नेहमीच होत आलंय. लबाडी अख्ख्या वस्त्राला पट्टीचं वय लावण्यात आहे.

म्हणून पैसे मोजण्याआधी बाजूच्या शिवणीजवळ अस्तर पाच-सहा सेंटीमीटर उसवून मागायचं. नकार आला तर उठायचं. शिवणीत दडलेलं रेशीम बाहेरच्यापेक्षा गडद हवं, कारण उजेड तिथवर पोचत नाही. जुनं भासवायला वापरलेलं चहाचं पाणी मात्र पोचतं. इथे आत-बाहेर एकच तपकिरी छटा होती. अस्तरावर मशीनची शिलाई दिसली म्हणून बिचकू नका, अस्तरं बदलली जातात.

सोबतच्या अल्बची, म्हणजे कॅझुबलच्या आत घालायच्या लांब पांढऱ्या झग्याची, लेस ‘व्हेनिसची, हातची’ म्हणून दिली होती. दहापट भिंगाखाली तिच्या कडांना बारीक लव दिसली. 1880च्या दशकापासून निघालेल्या केमिकल लेसची ही खूण: कापडावर मशीनने भरायचं, मग कापड रसायनात विरघळवायचं. हाताने, बॉबिनांवरचे धागे एकमेकांत गुंफून केलेल्या बॉबिन लेसच्या भरीव भागात मात्र धागे विणलेल्या कापडासारखे एकाआड एक खाली-वर जातात.

अतिनील टॉर्चवर विसंबू नका. निळसर चमक नव्या धाग्याची असते, तशी आजच्या डिटर्जंटने धुतलेल्या जुन्या अल्बचीही. कॅझुबल सहसा धुत नाहीत, म्हणून त्याचा शिवणदोरा तसा चमकला तर तो बहुधा नंतरचा.

‘बंद पडलेल्या मठातलं’ म्हटलं की कागद मागा. कॅथलिक चर्चच्या कायद्यातल्या कलम (कॅनन) 1292 प्रमाणे चर्चच्या मालकीची कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू परमपीठाच्या, म्हणजे व्हॅटिकनच्या, परवानगीशिवाय विकता येत नाही. पावतीवर पट्टी, मूळ कापड, अस्तर आणि लेस यांचा काळ वेगवेगळा लिहून घ्या. या कॅझुबलच्या पावतीवर एकच ओळ होती.