पोर्शे ९११: हवेवर थंड होणारी ९९३ की पाण्यावरची ९९६? एका हंगामानंतर

जर्मनीत वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरती नंबरप्लेट काढता येते. ९९३ आणि नंतरची ९९६ ही पोर्शे ९११ च्या लागोपाठच्या पिढ्यांची नावं. माझी २००० सालची ९९६ कॅरेरा आणि मित्राची १९९५ ची ९९३ कॅरेरा (कॅरेरा म्हणजे ९११ ची नेहमीची आवृत्ती), दोन्हींची प्लेट एप्रिल ते ऑक्टोबर. या हंगामात आम्ही त्या आलटूनपालटून चालवल्या: रोज स्टुटगार्टमध्ये, आणि सुटीला बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनश्टाटकडे जाणाऱ्या ब्लॅक फॉरेस्टच्या बी-५०० रस्त्यावर. दोन्ही मॅन्युअल, दोन्हींत इंजिन अर्थातच मागे.

९९३ मध्ये बसलं की पहिल्यांदा जाणवते ती जवळजवळ उभी काच आणि समोर वर आलेले दोन्ही मडगार्ड. गाडीचे कोपरे कुठे संपतात ते डोळ्यांना दिसतं. पेडल खालून, फरशीतून वर आलेले. पायाला त्यांची सवय व्हायला वेळ लागतो. इंजिन ३.६ लिटर, २७२ अश्वशक्ती. मागच्या मोठ्या पंख्याची घरघर आणि त्यावर चढत जाणारा कोरडा, खरखरीत आवाज. या आवाजासाठी लोक एवढे पैसे का मोजतात ते मला पहिल्याच चढावर पटलं. पण ही गाडी लाड करून घेते. तेल तपासायचं तर इंजिन गरम हवं, चालू हवं आणि गाडी सपाट जागी उभी हवी. हीटरची ऊब एक्झॉस्टवरून येते आणि ती मनासारखी जमवणं कठीण.

९९६ ला लोक अजून नाकं मुरडतात. तिचे दिवे पोर्शेच्याच स्वस्तातल्या बॉक्सटरसारखे आणि आतलं प्लॅस्टिक हलक्या दर्जाचं, हे मलाही मान्य आहे. पण ती ९९३ पेक्षा सुमारे १८.५ सेंटीमीटर लांब असूनही सुमारे ५० किलोंनी हलकी आहे, आणि वळणावर हे हाताला कळतं. ३.४ लिटरचं इंजिन, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, ३०० अश्वशक्ती. खरा जोर वरच्या आरपीएमला. ओल्या रस्त्यावर, वळणात मध्येच खड्डा आला तरी मागची बाजू शांत राहते. तिथे ९९३ मध्ये मी श्वास रोखून धरायचो. ऑटोबानवर लांब जायचं असेल तर मी डोळे झाकून ९९६ ची किल्ली उचलतो. स्टिअरिंगच्या बाबतीत मात्र ९९३ पुढे आहे. रस्त्याचा पोत तळहातात येतो, आणि त्याची बरोबरी माझी गाडी करत नाही.

दोन्हींतली एकच ठेवायची झाली तर मी ९९६ ठेवेन, कारण ती मी पावसातही बाहेर काढतो. सेकंडहँड बाजारात ९९३ च्या मानाने ती बरीच स्वस्तही पडते. घेणाऱ्याने इंजिनमधल्या इंटरमीजिएट शाफ्टच्या (क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोचवणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगची चौकशी आधी करावी. ते तुटलं तर अख्खं इंजिन जातं. मी क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरलेलाच होता, तेव्हा बेअरिंगही बदलून घेतलं. २००२ च्या मॉडेलपासून ३.६ लिटर, ३२० अश्वशक्ती आणि वेगळे दिवे मिळतात, पण बेअरिंगची काळजी तिथेही सुटत नाही. टर्बो आणि जीटी३ या ९९६ च्या जास्त ताकदीच्या आवृत्त्यांमधलं, अभियंता हान्स मेत्सगर यांच्या नावाने ओळखलं जाणारं इंजिन वेगळं, त्यांना हा धोका नाही.