27 थडगी आणि एक चोर: ‘डार्केस्ट डंजन’, सात महिन्यांनंतर

हा पीसी गेम गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये घेतला. सेकंड शिफ्ट सुटली की नाशकात सातपूरहून सिडकोत पोचायला मध्यरात्र होते, मग गरम केलेलं जेवण आणि मग तासभर हा. असं सात महिने चाललंय. गेममधल्या स्मशानात माझी 27 माणसं पुरलेली आहेत.

पोरांसमोर खेळायचा हा प्रकार नाही, हे आधीच सांगतो. मारामारी सोडाच, पण गावात दारूचा गुत्ता, जुगार, कुंटणखाना, आणि मठात स्वतःला चाबकाने फोडून घ्यायचीही सोय. सुट्टीत भाचा मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मामा, हा माणूस स्वतःलाच का मारतोय?” तेव्हापासून दार लावून खेळतो.

गेम 2016 सालचा, कॅनडातल्या छोट्याशा टीमचा. वाड्याखालच्या भुयारांत आणि आसपासच्या रानात चार-चार जणांची तुकडी पाठवायची. एकच सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, तोही आपोआप होतो; मागे जाता येत नाही. मेला तो मेला. जूनच्या पहिल्या पावसात आमच्याकडे लाइट गेली, पीसी धाडकन बंद. मला वाटलं, बरं झालं, मघाशी मेलेली माझ्या तुकडीतली नन वाचली. लाइट आली, गेम उघडला, नन मेलेलीच.

निघण्यापूर्वीची खरेदी मला सगळ्यात आवडते. हरिहर गडावर ट्रेकला जाताना पाणी किती घ्यायचं, यावर आमच्या ग्रुपमध्ये दर वेळी वाद होतो ना, तसंच. मशाली, खाणं, फावडी, पट्ट्या. पण पिशवीत खण मोजून 16, आणि सापडलेला मालही त्यातच कोंबायचा. फावडं विसरलात तर वाटेतली दरड हातांनी उपसा. अंगावर जखमा, डोक्याला ताप आणि मशालही मंदावते. मशाल मुद्दाम विझू दिली तर माल जास्त मिळतो, शत्रूही जास्त चवताळतात.

पण गेमचा जीव आहे तो ताणात. प्रत्येकाच्या डोक्यावर ताणाचा आकडा चढत जातो. 100 झाला की माणसाचं डोकं बहुतेक वेळा फिरतं, क्वचित तो उलट पेटून उठतो. 200 ला हार्ट अटॅक. फिरलेला माणूस औषध घेत नाही, सोबत्यांना घालूनपाडून बोलतो, मग त्यांचाही आकडा चढतो. कारखान्यात लाइनवर एका सुपरवायझरचं डोकं सकाळी फिरलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे एकमेकांवर खेकसायला लागतात, अगदी तसं. सुरुवातीलाच मिळणारा रेनॉल्ड हा धर्मयोद्धा तर जन्मजात चोर आहे. पेटी दिसली की आपल्याला न विचारता उघडतो आणि आतलं सगळं स्वतःच्या खिशात घालतो. इस्पितळात पैसे भरून ती खोड घालवता येते. मी चार महिने घालवली नाही, जीव जडला होता. निवेदकाचा, वेन जूनचा, तो खर्जातला आवाज हेडफोन लावून ऐकाच.

आता तक्रारी. वाटेत दिसणाऱ्या वस्तूंवर काय वापरायचं हे गेम सांगत नाही. वेदीवर पवित्र पाणी टाकायचं की चावी लावायची, हे चुकून शिकायचं, नाहीतर शेजारी मोबाइलवर गेमची विकी, म्हणजे माहितीची साइट, उघडून ठेवायची. मी दुसरं करतो, आणि त्यात भुयाराची सगळी भीती जाते. हे मी फार मनावर घेत नाही.

मनावर घेतो ते शेवटचं भुयार. तिथे चार मोहिमा. एकदा आत जाऊन आलेला माणूस पुन्हा पाय ठेवायला नकार देतो. म्हणजे चार मोहिमांना चार वेगळ्या तुकड्या, 16 तयार गडी. अर्ध्यातून पळ काढला तर चौघांतला एक जण जातोच. कागदावर छान वाटतं. पण दुसऱ्या मोहिमेत माझे तिघे गेले, आणि त्यांच्या जागी नवे तयार करायला तीच भुयारं, तेच बोळ, तेच सांगाडे. अनुभवी माणसं मदतीला द्यावीत, तर ती ‘असल्या किरकोळ कामाला आम्ही जात नाही’ म्हणून अडून बसतात. गाडीवानाकडून थोडे शिकलेले भरती करता येतात, पण या भुयाराला लागते ती सहावी, सगळ्यात वरची पातळी त्यांना गाठावीच लागते. माझा निर्णय चुकला तर माणूस मरू दे, रेनॉल्ड गेला तेव्हाही मी गप्प बसलो होतो. पण इथे शिक्षा माणसाला नाही, माझ्या रात्रींना होते. फेब्रुवारी, मार्च या भरतीतच गेले, आणि त्या दोन महिन्यांत नवीन एकही गोष्ट घडली नाही.

यावर गेम करणाऱ्यांनीच 2017 मध्ये रेडिअंट नावाचा मोड, म्हणजे खेळायचा वेगळा प्रकार, दिला. त्यात माणसं लवकर तयार होतात, नखरेही कमी. पण तो नवा डाव मांडतानाच निवडायचा, आणि मी पहिल्या दिवशी ऐटीत मधला, ‘खरा’ मोड निवडला होता.

नोकरी करून खेळणार असाल तर सेलमध्ये घ्या आणि रेडिअंटवरच मांडा. मी गेल्या आठवड्यात तसा नवा डाव सुरू केला. रेनॉल्ड परत आलाय. काल रात्री पहिलीच पेटी त्याने हाणली.