जपानी पगार: वयाचा की कामगिरीचा?

जपानमधल्या जुन्या ‘नेन्को’ पद्धतीत, म्हणजे वय आणि नोकरीची वर्षं पाहून पगार देण्याच्या पद्धतीत, एप्रिलमध्ये कॉलेजातून थेट कंपनीत आलेल्या सगळ्यांचा पगार जवळपास एकाच चालीने वाढतो. तरुणपणी कामाच्या मानाने कमी मिळतं; मुलांची शिक्षणं अंगावर येतात त्या वयात जास्त. मधेच सोडून जाणाऱ्याचं नुकसान, त्यामुळे माणूस टिकतो. ज्येष्ठही नवख्याला हातचं न राखता शिकवतात, कारण तो लगेच आपल्या पुढे जाईल ही भीती नसते.

‘सेइकाशुगी’त मात्र ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं का, त्यावर पगार. जमिनी आणि शेअरच्या किमतींचा फुगा फुटल्यावर पन्नाशीतल्यांचे पगार कंपन्यांना जड झाले, तेव्हा ही पद्धत पसरली. कामगिरीचं कौतुक सांगण्यापुरतं; खरा डोळा खर्चावर होता, असं मला वाटतं. फुजित्सू या संगणक कंपनीने ही पद्धत १९९३ मध्ये आणली. लोक सहज गाठता येतील अशीच उद्दिष्टं लिहून देऊ लागले, लांब पल्ल्याची अवघड कामं मागे पडली. शेवटी २००१ मध्ये नियम बदलून निकालाबरोबर प्रयत्नही मोजावे लागले. शिवाय जपानमध्ये काम गटाने चालतं. कोणाचा वाटा किती, हे साहेबालाही धड सांगता येत नाही.

तरी जुनीच बरी, असं मी म्हणणार नाही. बाळंतपणासाठी नोकरी सोडलेल्या बायका आणि कंत्राटी कामगार यांच्या वाट्याला ती शिडी क्वचितच आली. पंचविशीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने दुसरी पद्धत निवडावी, पण उद्दिष्टं कोण ठरवतं ते मुलाखतीतच विचारून घ्यावं.